पात्याची पाठ

वीजघरातल्या टर्बाइनचं एक पातं तुटलं आणि अख्खं गाव अंधारात बुडालं. टर्बाइन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, मूळ आराखडे कुणाकडेच नव्हते. शेजारच्या पात्याचं स्कॅनिंग करायचं, लॅपटॉपवर त्याचा आकार पुन्हा उभा करायचा आणि तो पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून घ्यायचा, एवढाच मार्ग उरला. काम आलं गावातल्या कारखान्यात, थोरलीकडे. तिथे असलं मॉडेलिंग करणारी ती एकटीच.

थोरलीची आई ऑक्सिजनच्या यंत्रावर जगत होती. घरात वीज नाही, इस्पितळात खाट नाही. शेवटी तिनं आणि धाकट्या भावानं आईला उचलून कारखान्यातच आणलं, कारण तिथे जनरेटर होता.

मालक दारातूनच म्हणाले, "ताई, डिझेल संपत आलंय. लवकर उरका."

उरकत मात्र काहीच नव्हतं. पडद्यावरच्या हजारो ठिपक्यांवरून ती पृष्ठभाग ताणायची आणि तो चुरगळलेल्या चादरीसारखा यायचा. वाळूच्या पाण्यानं पातं वर्षानुवर्षं खाल्लं होतं आणि स्कॅनरनं ती झीजही इमानेइतबारे टिपली होती. सुरकुत्या काढल्या की आकार गुळगुळीत व्हायचा. पण लॅपटॉपवर पाण्याच्या प्रवाहाची चाचणी लावली की प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटायचा. असलं पातं थरथरत राहणार आणि पुन्हा तुटणार.

"दिसतंय तर छान," आई शेजारून म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नकोस, आई."

"गप्प बस म्हण की सरळ!" आई हसली आणि त्या हसण्यानंच तिला धाप लागली.

मालक पुन्हा आले. "आहे तसं देऊन टाका. निदान वीज तरी येईल."

"आणि तुटलं तर? तो तुकडा बाकीची पातीही फोडेल. मग कायमचाच अंधार."

"आणि आईचं काय?"

थोरलीनं आईकडे पाहिलं. आईच्या ओठांवर निळसर झाक आली होती. फाइल पाठवायला एक बोट पुरेसं होतं. ते बोट तसंच धरून ती बसली, मग उठून जिन्यात गेली आणि तोंडात बाही कोंबून रडली.

परत आली ती स्कॅनर उचलूनच. "आईजवळ बस," तिनं धाकट्याला सांगितलं आणि वीजघर गाठलं.

शिडीनं खाली उतरून तिनं प्रत्येक पात्यावरून हात फिरवला. एकाची कड पार गेलेली, पण पाठ शाबूत. दुसऱ्याची पाठ खरवडलेली, कड मात्र जशीच्या तशी. सोपं पडलं म्हणून आपण एकच पातं स्कॅन केलं, हे लक्षात येताच तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिनं सगळी पाती टिपली आणि धावत सुटली.

कारखाना शांत होता. जनरेटर बंद पडला होता. धाकट्यानं आईच्या तोंडावर मास्क धरला होता. शेजारी ऑक्सिजनचा शेवटचा सिलिंडर.

"किती पुरेल?"

"विचारू नकोस, ताई. काम कर."

लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर ती जोडत गेली. कड एकाची, पाठ दुसऱ्याची, बूड तिसऱ्याचं. सांध्यावर उतार जुळेना. मोडलं, पुन्हा जोडलं. मागे आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वळून पाहायची तिची छाती होईना. अखेर पृष्ठभाग एकसंध झाला. चाचणीत पाणी पाठीला चिकटून वाहिलं.

"हे घ्या," ती ओरडली.

डिझेल शोधून रिकाम्या हातानं नुकत्याच परतलेल्या मालकांनी स्वतःच्या ट्रकमधलं डिझेल उपसून जनरेटरमध्ये ओतलं. कुणी न सांगता त्यांनी आधी आईच्या यंत्राचा प्लग लावला, मग कोरायची मशीन सुरू केली.

पातं बसलं. टर्बाइन थरथरलं आणि टिकलं. बाकीची पाती झिजलेलीच, त्यामुळे ते निम्म्याच ताकदीनं चालवायचं ठरलं. गावात वीज आली, तीही आलटून पालटून. आई वाचली, पण छातीनं जे सोसलं ते भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ती आता अंथरुणाला खिळली.

मालक घरी आले ते अवघडूनच. "ताई, वीजघरवाले उरलेली सगळी पाती बदलायची म्हणतायत."

थोरलीनं आईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "उद्या येते." आणि आईच्या खाटेशेजारी, जमिनीवरच, कामाच्या कपड्यांत झोपून गेली.