एका आठवड्याचा शेजार

टाइमशेअर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आत्या सांगायची, "घर आपलं, पण वर्षातून एकच आठवडा. उरलेले एक्कावन्न आठवडे आपण त्या घराचे पाहुणेसुद्धा नाही." ऐकणारा हसायचा आणि हिला कुणीतरी बरोबर शेंडी लावली, अशी मनातल्या मनात कीवही करायचा. आत्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण तळ्याकाठच्या वसाहतीतला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने डोळे उघडे ठेवून घेतला होता, आणि आठवडाही शोधून काढला होता सगळ्यात स्वस्तातला. सुट्ट्या संपलेल्या, पोहायच्या तलावावर ताडपत्री घातलेली, आइस्क्रीमवाल्याच्या टपरीला कुलूप. इतर माणसं निघून गेली की हिची सुट्टी सुरू व्हायची.

एरवी ती कपड्यांच्या अल्टरेशनचं दुकान चालवायची. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांच्या वाढलेल्या कंबरांविषयी एक अक्षर न बोलणं हे तिच्या धंद्याचं अर्धं भांडवल होतं. दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत. दुकानावरच्या खोलीत तिला काहीच म्हणणारं कुणी नव्हतं. लग्न केलं नाही ते का, हे विचारायचा हक्क असलेली माणसं एकेक करून जगातून गेली होती, त्यामुळे तो प्रश्नही मिटला होता.

आत्या हे नाव तिला मिळालं ते या वसाहतीत. पहिल्या वर्षी भावाची मुलगी बरोबर आली होती. ती दिवसभर "आत्या, आत्या" करत जिने चढायची-उतरायची, आणि आठवडा संपेपर्यंत सगळा मजला हिला आत्या म्हणू लागला. भाची दोन वर्षांत कंटाळली, मोठी झाली, कुठल्या कुठे गेली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. वर्षातून सात दिवस ती कुणाचीतरी आत्या होती.

मजल्यावर चार फ्लॅट. तिच्या आठवड्यात शेजारी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, समोर एक मास्तर, चौथ्याला कायम कुलूप. सगळीच स्वस्तातला आठवडा घेणारी, म्हणजे एकतर हाताला चिकट किंवा बिनमुलाबाळांची. संध्याकाळी पत्त्यांचा डाव पडायचा. मास्तर लबाडी करायचे, ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे मास्तरांनाही माहीत होतं. वर्षभर कुणी कुणाला फोन करत नसे. शनिवारी जिन्यात भेटलं की मागच्या वर्षीचं अर्धवट राहिलेलं भांडण पुढे सुरू. असा सुखाचा शेजार आत्याला जन्मात दुसरा मिळाला नव्हता.

मग मास्तर वारले. डॉक्टरांचे गुडघे गेले. दरवर्षीची देखभालीची रक्कम मात्र भरावीच लागायची, गेलात तरी आणि न गेलात तरी. डॉक्टरांनी आपला आठवडा विकायला काढला, कुणी घेईना. पुतण्याला फुकट देऊ केला, तर पुतण्याने हात जोडले. "काका, पांढरा हत्ती आहे तो, तुम्हीच पोसा," म्हणाला. शेवटी कंपनीलाच वर पैसे मोजून त्यांनी आपली सुटका करून घेतली आणि हे सांगायला आत्याला फोन केला. इतक्या वर्षांतला तो पहिलाच फोन. "बायकोला सोडणं याहून स्वस्त पडलं असतं," ते म्हणाले, आणि मागून डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. आत्या खूप हसली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता मजल्यावर आपण एकट्याच.

या वर्षी शनिवारी ती आली तेव्हा जिन्यात तिच्या बॅगेच्या चाकांचा आवाज तेवढा होत होता. पण शेजारच्या, डॉक्टरांच्या फ्लॅटमध्ये दिवा होता. आत भांडी वाजत होती आणि एक बारीक आवाज कुणाला तरी ठासून सांगत होता, "मी नाही, मी नाही, मी नाही."

तो आवाज ठमाबाईंचा. वय वर्षं पाच. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आईबापच ठमी म्हणत तर आपण कशाला जीभ शिणवा? रविवारी सकाळी ठमी मधल्या कठड्यापाशी उभी राहून आत्याच्या गॅलरीची तपासणी करू लागली.

"तू इथे एकटीच राहतेस?"

"हो."

"मग तुझ्याकडे दोन खुर्च्या का?"

"एकीवर पाय ठेवायला."

हे उत्तर ठमीला पटलं. "तुला आजी म्हणू?"

"आजी म्हणालीस तर मी लगेच म्हातारी होईन. इथे मला सगळे आत्या म्हणतात."

सगळे म्हणजे कोण, ते नशिबाने पोरीने विचारलं नाही.

ठमीची आई नर्स होती आणि बाप रस्त्यांचे नकाशे काढायचा. कंपनीने त्यांना तीन रात्री फुकट दिल्या होत्या. अट एकच, सोमवारी सकाळी बसून कंपनीचं म्हणणं ऐकून घ्यायचं. दुपारी नर्सबाई साखर मागायला आली आणि "दोन मिनिटं टेकते" म्हणून आत्याच्या कोचावर बसली ती बसल्या बसल्या झोपली. रात्रपाळ्या करून करून तिचा चेहरा चुरगळलेल्या कापडासारखा झाला होता. आत्याने तिच्या पायांवर शाल टाकली, ठमीचा आखूड झालेला फ्रॉक मागवून घेतला आणि त्याची टीप उसवत बसली. ठमी जमिनीवर आडवी पडून चित्र काढत होती. कोचावरून हलकंसं घोरणं ऐकू येत होतं. आपल्या घरात कुणीतरी घोरतंय, या गोष्टीचा आत्याला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

उठल्यावर नर्सबाई ओशाळली. म्हणाली, "आत्या, मला दुसरं काही नको. वर्षातला एक आठवडा असा हवा, की जो कुणी माझ्याकडून काढून घेणार नाही."

आत्याने सुईत दोरा ओवला आणि तेवढ्या वेळात मनात मांडे खाऊन घेतले. हा फ्लॅट, हाच आठवडा. पुढच्या वर्षी ठमीचे दात पडलेले असतील, त्याच्या पुढच्या वर्षी ती शहाणपणा शिकवायला लागेल, आणि दरवर्षी कुठला ना कुठला फ्रॉक आखूड होईलच की.

वसाहतीच्या विक्रीवाल्याला ती टायवाला म्हणायची. दरवर्षी तो तिला गाठून म्हणायचा, "तुम्ही आमच्या जुन्या सभासद, नव्या लोकांसमोर दोन शब्द बोला." दरवर्षी ती म्हणायची, "दोनच बोलेन. पळा इथून." तो हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचा. या रविवारी संध्याकाळीही त्याने सवयीने विचारलं.

आत्या म्हणाली, "किती वाजता?"

टायवाल्याने वेळ सांगितली, आणि खात्री करायला पुन्हा एकदा सांगितली.

सोमवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये कॉफी होती, बिस्किटं होती, काचेखाली वसाहतीची छोटी प्रतिकृती होती आणि तिच्यातल्या तलावात निळंशार पाणी होतं. टायवाला तासभर बोलला. नकाशेवाला वहीत मुद्दे टिपून घेत होता, फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. मग टायवाल्याने आत्याकडे हात केला आणि नर्सबाईने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आत्या, यांचं राहू दे. तुम्ही सांगा. पैसे दरवर्षी वाढतात?"

"वाढायचं कुणाचं चुकलंय? दुधाचे वाढत नाहीत का?"

"आणि एखाद्या वर्षी यायला नाही जमलं तर?"

"मी तर एकही वर्ष चुकवलं नाही."

"दुसरीकडच्या जागेशी बदलून मिळते म्हणतात."

"मला कधी बदलावीशीच वाटली नाही बाई."

नकाशेवाल्याने पेन उचललं. "समजा, उद्या विकायचं म्हटलं तर?"

इथे आत्याला डॉक्टर आठवले. त्यांचा तो फोन, पुतण्याचे जोडलेले हात. डॉक्टरांच्याच फ्लॅटसाठी हे दोघे बसले होते. टायवाला कॉफीत साखर ढवळत होता, तो ढवळायचा थांबला.

"घेण्याआधीच विकायचं कसलं बोलता?" आत्या हसून म्हणाली. "मी तर नाही विकणार."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर नीट न बसणारा कोटही आरशासमोर कसा उभा करावा, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. नकाशेवाल्याच्या वहीतली एक बाजू बरीचशी कोरी राहिली होती.

दुपारी त्यांनी सही केली. टायवाल्याने आत्याला लांबूनच अंगठा वर करून दाखवला. ती तळ्याच्या कडेने लांबवर फिरून आली. वारा बोचरा होता, वाटेत चिटपाखरू नव्हतं, पण तिला काही जाणवलं नाही. शेजाऱ्यांना रोज चहाला बोलवायचं की एक दिवसाआड, इतक्या बारीक विचारापर्यंत ती पोचली होती. रोज बोलावलं तर लोचट वाटेल. एक दिवसाआड ठीक.

संध्याकाळी ती फ्रॉक द्यायला गेली. ठमीने तो लगेच अंगात चढवला आणि गोल गोल फिरू लागली.

"पुढच्या वर्षी मी मापं घेऊन नवाच शिवते," आत्या म्हणाली. "आता काय, दरवर्षी भेटायचंच आहे."

नकाशेवाला खुशीत होता. "आत्या, आम्ही मोठ्या सुट्टीतला आठवडा घेतला. पुढच्या वर्षी हिची शाळा सुरू होईल ना, मग या दिवसांत कसं येणार? पलीकडच्या इमारतीत मिळाला, तळमजल्यावर. महाग पडला जरा, दुपटीने. पण तुमच्याकडे बघून म्हटलं, घेऊन टाकू."

"हो, शाळा," आत्या म्हणाली. "शाळा असतेच."

जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. पोर मोठी होईल, दात पडतील, फ्रॉक आखूड होतील, सगळं तिने मोजलं होतं. फक्त शाळा मोजायची राहिली होती. ती आपल्या घरात आली, दिवा न लावता कोचावर बसली आणि आधी तिला नुसतं रडू आलं, स्वतःसाठी. दुसऱ्यांसाठी वाईट वाटायला बराच वेळ लागला. मग ते वाटलं, आणि वाटायचं थांबेना. भिंतीपलीकडे तिघं हसत होती. नर्सबाई आता त्या आठवड्याचे पैसे भरायला जास्तीच्या रात्रपाळ्या करणार होती.

मंगळवारी सकाळी ते निघाले. नकाशेवाला गाडीत सामान भरत होता. आत्या खाली आली आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार न करता बोलू लागली. पैसे दरवर्षी वाढतात, दुधापेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही या न या, भरावेच लागतात. बदलून चांगली जागा मिळत नाही, मागितली की भरलेलीच असते. विकत कुणी घेत नाही, फुकटसुद्धा घेत नाही. डॉक्टरांचं सगळं तिने सांगितलं, पुतण्यासकट. "सही केल्यापासून आठवडाभर रद्द करता येतं. कागदावर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. आजच करा. टायवाला गोड बोलेल, ऐकू नका."

नकाशेवाल्याच्या हातात ठमीची गादी होती. ती त्याने हळूच डिकीत ठेवली.

"काल तुम्हाला सरळ विचारलं होतं आम्ही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "तुमच्या तोंडाकडे बघून सही केली. कंपनी काय देते हो तुम्हाला?"

"काही नाही."

"मग का?"

"मला शेजार हवा होता," आत्या म्हणाली. "या मजल्यावर आता कुणी येत नाही."

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कागद शोधायला गाडीत शिरला. नर्सबाई मात्र जागची हलली नव्हती. आजारी माणसाला कुठे दुखतंय ते विचारताना ती अशीच उभी राहत असेल.

"आत्या, एक विचारू? आम्ही तुमचाच आठवडा घेतला असता, शेजारचाच फ्लॅट, तर आज हे सांगायला खाली आला असतात?"

आत्याने उत्तर शोधलं. निदान एखादं मधलं उत्तर सापडतं का ते पाहिलं.

"नसते आले," ती म्हणाली.

नर्सबाईने मान डोलावली. रागावल्यासारखी नाही, पण माफ केल्यासारखीही नाही. मग तिने दार उघडून ठमीला आत बसवलं, पट्टा लावला आणि म्हणाली, "ठमे, आत्याला टाटा कर."

ठमीने दोन्ही हातांनी टाटा केला. गाडी फाटकापाशी थांबली, वळली, आणि रस्ता रिकामा झाला.

आत्या जिना चढून वर आली. मजल्यावरची तिन्ही दारं बंद होती. तिने आपलं उघडलं, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसली. शनिवार यायला अजून चार दिवस होते. पैसे भरलेले होते, कागद चोख होते, आणि ते चारही दिवस तिच्या एकटीच्या मालकीचे होते.