गोठलेल्या शिमग्याची मिनिटं

आत टाकायला फुकट, बाहेर काढायला पैसे. क्लाउडचा हा नियम विनीतने मंडळाच्या सभेत सांगितला तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून खूश झालो. पोफळीच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो मी. माल आत यावा, सहसा बाहेर जाऊ नये, हे मला कुणी शिकवायला नको.

विनीत आमच्याच गावचा, मुंबईत कॉम्प्युटरच्या नोकरीत. एकोणीस वर्षांचे शिमग्याचे आणि नमनाच्या खेळांचे व्हिडिओ त्यानेच क्लाउडवर चढवले, कारण हार्ड डिस्कना आमच्या हवेत बुरशी लागली होती. मग काय, गाव बघत सुटलं. पाहिलेलं प्रत्येक मिनिट कंपनी बाहेर काढलेला माल म्हणून मोजते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. रितेशने स्वतःचाच नाच चारशे वेळा पाहिला. मे महिन्याचं बिल पालखीच्या नव्या रंगापेक्षा जास्त आलं.

विनीतने तीन कंपन्यांचा तक्ता भिंतीवर लावला. पहिलीकडे ठेवणं स्वस्त, काढणं महाग. दुसरीकडे ठेवणं महाग, काढणं फुकट, पण त्या फुकटालाही मर्यादा. तिसरी जवळजवळ फुकटात ठेवते, पण डेटा गोठवून. हवा असेल तर जबर पैसे भरून अर्ज करायचा आणि बारा तास थांबायचं.

"म्हंजे फ्रीजरातली सुरमय," रितेश म्हणाला. "सुटायला टाइम लागनारच."

दोन तास भांडून झाल्यावर ठरलं, देवाला कौल लावायचा. गुरवाने देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही तिसरी कंपनी ठेवायला सवस्त, काडायला म्हाग, नि बारा तास लावते. तुज्या लेकरांचा शिमगा तिच्याकडं सुखरूप ऱ्हानार आसंल तर उजवा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

पहिल्या दोघींना डावा पडला होता. हिला गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी कळी टपकन खाली. देवालाही स्टोअरचं काम कळतं, हे त्या दिवशी मला समजलं.

कारभार अर्थातच माझ्याकडे आला. मी पावतीपुस्तक छापून घेतलं. घरटी वर्षाला अकरा मिनिटं, अर्ज आदल्या दिवशी, त्यावर तीन सह्या. गणपतीपर्यंत मिनिटांना सोन्याचा भाव आला. दीपालीच्या लग्नात मामाने पाच मिनिटं आहेर केली. फणसावरून सात वर्षं चाललेला बांधाचा तंटा चार मिनिटांवर मिटला. माझी अकरा तेवढी शाबूत होती. माझी बायको विमला, तिला जाऊन चार वर्षं झाली, पण तिच्यासाठीसुद्धा मी पावती फाडली नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

या शिस्तीला आडवी आली गोदूबाई. तिचा नवरा सदू चाळीस वर्षं नमनात मृदंग वाजवायचा. मागच्या माघात गेला. तिची अकरा मिनिटं आषाढातच संपली.

"भावजी, वाईच सदूला भायेर काडा."

"वहिनी, कोटा संपला."

"तुमच्या कोट्याला काय जाळायचाय? माजा घो हाय तो!"

मी नियम दाखवला. खरं सांगतो, मला तिचा रागच आला. गावात इतकी माणसं गेली, कुणी असं रोज दारात येऊन उभं राहतं का?

मग तिने माझं दार सोडलं आणि परडी घेऊन जोगवा मागावा तशी घरोघर फिरली. कुणी एक दिलं, कुणी दोन. रितेशनेसुद्धा आपला नाच बाजूला ठेवून अडीच मिनिटं दिली. आठवड्याने तिने माझ्या टेबलावर पावत्यांची परडी उपडी केली. तिला २०११ चं नमन हवं होतं, त्रेचाळीस मिनिटांचं. मी दोनदा बेरीज केली. त्रेचाळीसच भरली. नाइलाजाने सही केली.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात टीव्ही लावला. गोदूबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे. पडद्यावर सदू आला आणि मृदंगाला कणीक लावायला बसला. थाप मारली, पुन्हा कणीक, पुन्हा थाप. पाच मिनिटं नुसती कणीकच. लोक चुळबुळायला लागले, मिनिटं त्यांची जळत होती. गोदूबाई मात्र पदर तोंडाशी धरून हसत होती, आणि डोळे गळत होते.

"घरात पन आसाच पीठ सांडून ठेवायचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माजा बगून झाला. ऱ्हायलेली मिन्टा तुमची."

"माझी कशाला?"

"बगा तरी. मी आषाढात बगितलाय."

पडद्यावर विमला आली. हातात चहाची थाळी. सदूला तिने एक कप दिला आणि सरळ आमच्याकडेच चालत आली. त्या वर्षी कॅमेरा कुणाच्या हातात होता, ते मला तेव्हा आठवलं.

"पुरे करा वो ता शूटिंग," ती म्हणाली. "चाय निवतेय तुमची."

त्या वर्षी मी शूटिंगच करत राहिलो होतो. टीव्हीवर नुसती मृदंगाची थाप ऐकू येत होती. भरल्या सभामंडपात, सगळ्या गावासमोर, मी मोठ्याने म्हणालो, "आलो गो."