आईच्या भुवया

शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. आई जागची हलली नाही. तिच्या हातात पेन होतं, पुढ्यात कोरा कागद होता आणि टेबलाच्या पलीकडून थोरला तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. लेखनिक परीक्षा सोडून गॅस बंद करायला उठत नसतो, असं दोघांचं ठरलेलं होतं. शेवटी धाकटीच खुर्चीवरून खाली उतरली, बाहेरच्या खोलीकडे तोंड करून बाबांना सांगून आली की पाणी उड्या मारतंय, आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली.

प्रश्न होता, झाडाचं पान हिरवं का दिसतं. थोरल्याला ते येत होतं. तसं त्याला सगळंच येत होतं, फक्त कागदावर उतरत नव्हतं. अक्षरं त्याच्यापुढे एका जागी बसायचीच नाहीत. वाचायला घेतलं की वरच्या ओळीतला शब्द खालच्या ओळीत जाऊन बसे, आणि लिहायला घेतलं की डोक्यातलं पानभर उत्तर कागदावर येईपर्यंत दीड ओळीचं होई. शाळेत एक बाई खास अशा मुलांसाठी होत्या. सगळी शाळा त्यांना मदतीच्या बाई म्हणे. त्यांनी त्याला हरतऱ्हेनं तपासलं आणि सांगितलं, पोराची बुद्धी लख्ख आहे, शिकायची वाट तेवढी वेगळी आहे. परीक्षेला त्याला लेखनिक द्यायचा. प्रश्न वाचून दाखवायचा, यानं तोंडानं उत्तर सांगायचं आणि लेखनिकानं ते जसंच्या तसं लिहायचं.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, पण अर्धीच. सहामाहीला करून बघू, म्हणाले. जमलं तर सोय पुढेही चालू. नाही जमलं तर मुलाला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवू. थोरल्याचे दोन्ही जिवलग दोस्त पुढच्या वर्गात जाणार होते. हे ऐकल्यापासून तो जेवताना बोलेनासा झाला होता, आणि एरवी त्याला गप्प करायला घरातली तीन माणसं कमी पडत.

म्हणून घरी सराव सुरू झाला आणि आई लेखनिक झाली. पहिल्या आठवड्यातच तिचे पाय जमिनीवर राहीनात. पोरगं अडखळायचं, वाक्य अर्ध्यावर फिरवायचं, पण उत्तर बरोबर आणायचं. ती कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तिथल्या सगळ्यांना तिनं हे कौतुक पुन्हा पुन्हा ऐकवलं. मग मदतीच्या बाईंनी शाळेत एकदा रंगीत तालीम घेतली, दुसराच लेखनिक बसवून. त्यात थोरला ढिम्म. तोंडाला कुलूप. दोन उत्तरं दिली, तीसुद्धा प्रश्न विचारल्यासारखी.

बाईंनी आईला बोलावून घेतलं. आता माझ्यासमोर तुम्ही दोघं करा, म्हणाल्या, आणि स्वतः कोपऱ्यात बसल्या. थोरला पुन्हा घरच्यासारखा सुरू झाला. चौथ्या प्रश्नाला बाईंना हसू आवरेना.

"ताई, याला अक्षरं वाचता येत नसतील, पण तुम्हाला हा घडाघडा वाचतो," त्या म्हणाल्या. "तुमची भुवई वर गेली की हा वाक्य फिरवतो, खाली आली की पुढे जातो."

आई कानापर्यंत लाल झाली. भुवयांचं हे प्रकरण तिला नवं नव्हतं. दुकानात नवा कपडा अंगावर चढवून बायका बाहेर आल्या की आरशाकडे नंतर बघत, आधी तिच्याकडे. तिच्या कपाळावर काय उमटतं त्यावर कपडा विकला जाई किंवा परत घडीत जाई. मालक म्हणायचा, तोंडानं तू कितीही गोड बोल, भुवया तुझं ऐकत नाहीत. घरी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "लग्न ठरल्यापासून मी त्यांनाच विचारून बोलतोय. पोरगं माझ्यावर गेलंय."

आता चेहऱ्याचं शिक्षण सुरू झालं. धाकटीला चमचा देऊन समोर बसवलं. आईचा चेहरा हलला की तिनं टेबलावर चमचा वाजवायचा. पहिल्या दिवशी चमच्याला उसंत मिळाली नाही. भुवई हलली, टण. ओठ हलले, टण. आईनं श्वास घेतला, टण. श्वास चालतो, असं धाकटीला समजवावं लागलं, तेव्हा मोठा चालतो का लहान, यावर बराच वेळ गेला.

आईनं तोंडावर ओढणी गुंडाळून पाहिली. थोरला खांद्यांवरून ओळखायला लागला. ती पाठ करून बसली, तर तो पेनाकडे कान द्यायला लागला. उत्तर चुकलं की तिचं पेन थांबे, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हणजे आता चुकीचं उत्तरही न थांबता, बरोबर असल्यासारखं लिहायचं. हे सगळ्यात जड गेलं. लेकाचं चुकतंय आणि आपण हातानं ते उतरवून घेतोय, हे तिला बघवायचं नाही.

मख्ख चेहऱ्याची तिला इतकी सवय लागली की तो दुकानातही तसाच राहिला. एक बाई मोरपिशी कपडा घालून बाहेर आली, हिच्याकडे बघत राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, इतकं वाईट दिसतंय का? मालकानं त्या दिवशी तिला मागे घड्या घालायला बसवलं.

गाडी रुळावर आणली ती थोरल्यानंच, आणि तीही वात्रटपणानं. मासे पाण्यात श्वास कसा घेतात, या प्रश्नाला त्यानं एकदा शांतपणे सांगितलं, "मासे श्वास घेत नाहीत. शेजारच्या माशाकडून उसना आणतात आणि परत करायला विसरतात." आईनं लिहिलं. भुवई हलली नाही, पण पापण्या थरथरायला लागल्या. पुढे तो म्हणाला, त्यावरून माशांची फार भांडणं होतात. आईनं तेही लिहिलं, शेवटी पूर्णविराम दिला आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसली ती हसलीच. धाकटीनं इतका चमचा वाजवला की त्याची दांडी वाकली.

त्यानंतर रोज सरावाला एक ठार चुकीचं उत्तर ठेवायचं, असा नियम झाला. थोरला ते मन लावून घडवायचा. हळूहळू एक गोष्ट झाली, जी आईला आधी दिसली नाही, बाबांना दिसली. पोरगं आता बोलताना आईकडे बघत नव्हतं. छताकडे बघत होतं, खिडकीकडे बघत होतं, आणि अडलं तर स्वतःशीच पुटपुटत होतं, "हे नाही. खोड ते."

पेपरच्या दिवशी आईनं एकाच सदऱ्याची घडी किती वेळा मोडली आणि पुन्हा घातली, ते मालकानं पाहिलं. दुपारी मदतीच्या बाईंचा फोन आला. खालच्या वर्गातली एक चष्मेवाली मुलगी लेखनिक होती, चेहरा भिंतीसारखा. तिनं मान एकदाच वर केली, हळू सांग, माझा हात दुखतो, एवढं म्हणायला. थोरला शेवटपर्यंत बोलला. एक उत्तर चुकलं, ते त्यानं स्वतःच खोडायला लावलं आणि नव्यानं सांगितलं. मुख्याध्यापक दारात उभं राहून ऐकत होते. सोय चालू ठेवतो, म्हणाले, आणि या वेळी मान पूर्ण हलवली.

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं वळून पाहिलं, तर समोर एक गिऱ्हाईक नवा कपडा घालून उभं होतं. आईचा उजळलेला चेहरा बघून त्या बाईनं तोच कपडा दोन रंगांत घेतला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आई भांडी घासत होती आणि थोरला शेजारी उभा राहून ताटं पुसत होता. त्याच्या तोंडाचा पट्टा पूर्वीसारखा सुरू होता. दोस्त काय म्हणाले, पुढच्या वर्षी तिघांनी कुठल्या बाकावर बसायचं, त्या चष्मेवाल्या मुलीला त्यानं शेवटी माशांचं उत्तर कसं ऐकवलं आणि ती तरीही कशी हसली नाही.

"तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आई," तो म्हणाला. "मी चुकलो तरी काहीच नाही. मला ते आवडलं."

आई हसली. बरं झालं, म्हणाली, आणि पुढचं ताट त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते दोन्ही बाजूंनी नीट पुसलं. मग सहज, पाऊस पडतोय का असं विचारावं तसं, त्यानं विचारलं, "मी चुकलो की तू एवढी घाबरतेस कशाला?"