खिशातला नट

सासरेबुवांची मोटार अकरा वर्षं जागची हलली नव्हती. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रमांनी एक्सलला अशी मिठी मारली होती, की दोन मिस्त्री हात टेकून गेले आणि तिसऱ्याने म्हणे धंदाच बदलला. शेवटी जावयाने विडा उचलला.

त्याने डावं चाक उतरवलं, पुरुषभर लांब पान्याला लोंबकळून एक्सलचा नट सोडवला, ड्रमवर तो ओढून काढणारा तीन पायांचा पुलर बसवला आणि मधला स्क्रू पिळत नेला. ड्रम ढिम्म हलला नाही, पण आतल्या आत करकरू लागला. असा ताण देऊन वाट बघायची. कधी तासाने, कधी दिवसाने ड्रम आपणहून सुटतो, आणि सुटतो तो तोफेच्या गोळ्यासारखा. म्हणून पुलर बसवण्याआधी नट चार आटे परत चढवायचा. मग ड्रम नटाला अडतो. हे मिस्त्री झोपेतही विसरत नाही.

जावयाने नळावर हात धुतले, रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला नट लागला.

तो पळत मोटारीकडे आला, तर सासरेबुवा स्टूल टाकून बरोबर ड्रमसमोर, दोन्ही गुडघे फाकवून, कान लावून बसलेले.

"बाबा, उठा तिथून!"

"का रे? मी बसलो म्हणून ती लाजतेय का?"

"ड्रम सुटेल!"

"सुटला तर नटाला अडेल. मी काय काल जन्मलो?"

पुलरच्या पायांआड नट आहे की नाही, ते कुणाला दिसत होतं!

"बाबा, तो नट..." जावयाने खिशावर हात दाबला.

"आहे ना? मग झालं!"

कर्र... कर्र...

आत बायको गाणं गुणगुणत होती. तिला काय सांगायचं? तुझे वडील ड्रमने नेले म्हणून? त्याने म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून उचलायला बघितलं. म्हाताऱ्याने मडगार्ड धरलं.

"अहो जावईबापू, मला पोतं समजलात की काय?" रागावले की ते अहो-जाहोवर येत.

तेवढ्यात करकर थांबली. एकदम गप्प. ती शांतता करकरीपेक्षा वाईट होती. मग आतून बारीक आवाज आला: टिंग.

जावयाने बाजूला पडलेली स्टेपनी उराशी कवटाळली आणि डोळे मिटून ड्रम आणि सासरा यांच्यामध्ये उडी घेतली.

धाडकन्! ड्रम पुलरसकट स्टेपनीवर, स्टेपनी जावयावर, जावई सासऱ्यावर आणि सासरा चार चिरफळ्या झालेल्या स्टुलावर. म्हणतात, तिसऱ्या गल्लीतल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी घातली नाहीत.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "निघाला?"

"निघाला."

"मग ऊठ अंगावरून."

उठताना जावयाच्या खिशातून नट घरंगळला आणि म्हाताऱ्याच्या पायाशी थांबला. म्हाताऱ्याने नट बघितला. मग एक्सलचं उघडं टोक बघितलं. मग स्टेपनीला पडलेला खोल पोचा बघितला, बराच वेळ.

त्याने नट उचलला, जावयाच्या मुठीत ठेवला आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"आता उजवीकडचा," म्हातारा म्हणाला. "आधी तिथला नट मला दाखव. मग मी आत जातो. तूही चल."