भिंतीतलं भोक

वीस वर्षं अमेरिकी लष्करात काढून निवृत्त झालेल्या ट्रूएटला सरकारच्या हमीवर घराचं कर्ज मिळालं. बँकेतल्या बाईने एक अट मात्र बजावून सांगितली होती, "घरात तुम्ही स्वतः राहायचं हं!" तेव्हा तो नुसताच हसला होता.

टेक्सासमधल्या त्या नव्या, अजून सामान न लावलेल्या घरात दुपारचं ऊन पेंगत पडलं होतं. आईचा फोटो लावायला त्याने खिळा ठोकला, तो जरा खाली गेला म्हणून उपटून वर ठोकला. मग पांढऱ्या भिंतीकडे बघता बघता त्याची तंद्री लागली. जर्मनीतल्या क्वार्टरची भिंत डोळ्यांसमोर तरंगत आली, तिच्यामागून कोरियातली. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या लष्कराच्या. क्वार्टर सोडताना तो खिळ्यांची भोकं टूथपेस्टने अशी बुजवायचा, की तपासणीला आलेल्या साहेबाला तिथे कुणी राहून गेल्याचा पत्ताही लागायचा नाही.

पुदिन्याचा वास आला तशी त्याची बायको नडीन आतून बाहेर आली. ट्रूएट बोटाने भिंतीला टूथपेस्ट फासत होता.

"अरे, वेड लागलंय का तुला? कोण येणार आहे तपासायला?"

"कुणीच नाही?" त्याने झोपेतून उठल्यासारखं विचारलं.

"मी येणार! आणि भिंतीत भोकं दिसली नाहीत, तर तुलाच घराबाहेर काढीन."

ट्रूएटने बाहीने भोक पुसून मोकळं केलं. मग हातोडी उचलून शेजारी आणखी एक खिळा ठोकला, त्यावर लावायला काहीच नव्हतं तरी.