एक तक्रार हवी आहे

काकांना टोलवायची कला येत होती असं म्हणणं म्हणजे माशाला पोहता येतं असं सांगण्यासारखं आहे. कंपनीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकायचे, तिथे हेल्प डेस्क होता, आणि काका तिथे बसून फोन उचलायचे. वरच्या मजल्यांवर कुणाचा कॉम्प्युटर रुसला, प्रिंटरने कागद गिळला, पासवर्ड आठवेना, की फोन खणखणायचा. काका आपल्या मधाळ, किंचित घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "अरेरेरे! हे तर फारच वाईट झालं हो."

सुरुवात इथूनच. भांडायच्या तयारीने फोन करणाऱ्याला वाटतं, समोरचा हात झटकणार. आणि इथे बघावं तर समोरचा आपल्याहून जास्त हळहळतोय! अर्धी हवा तिथेच जायची. मग काका हळूच म्हणायचे, "वरून प्रॉब्लेम आहे." वरून म्हणजे नेमकं कुठून, हे आजवर एकाही पठ्ठ्याने विचारलं नव्हतं. काकांच्या वर फक्त जिना होता. त्यानंतर शेवटचा डाव, म्हणजे गृहपाठ. "असं करा, परत झालं की स्क्रीनचा फोटो काढा, तेव्हा काय काय उघडं होतं ते बघून ठेवा. मी बसलोच आहे इथे." फोटो कोण काढत बसतंय! लोक शेजाऱ्याला विचारायचे, नाहीतर मशीनला दोन थपडा मारून बघायचे, आणि निम्म्या तक्रारी सर्दीसारख्या आपोआप बऱ्या व्हायच्या.

आता काकांना काम येत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. एके काळी हाच माणूस दोन दोन पायऱ्या गाळत वर पळायचा, टेबलाखाली शिरायचा, डोक्याला जळमटं लावून बाहेर यायचा. तेव्हा डेस्कवर आठ माणसं होती. मग खर्च कमी करायची टूम निघाली. फायनान्सच्या बाई आल्या, ज्यांना सगळी कंपनी पाठीमागे कात्रीबाई म्हणायची. त्यांनी दर वर्षी एखाद-दुसरी खुर्ची उडवली. आठाची तीन माणसं उरली, कॉम्प्युटर दुप्पट झाले, आणि फर्मान निघालं की कुठलाही फोन चार मिनिटांत संपला पाहिजे. आता चार मिनिटांत काय प्रिंटर दुरुस्त होतो? चार मिनिटांत फार तर माणूस शांत होतो. काकांनी मग माणसं शांत करायला घेतली, आणि दर वर्षी उत्तम कर्मचाऱ्याची काचेची बाहुली त्यांनाच मिळायला लागली.

उरलेल्या दोघांत एक ताई. ताईची जीभ तिखट होती, पण कामाला वाघीण. दुसरा मिस्तरी, जो मशीन उघडायचा. मिस्तरीच्या नोकरीला धक्का नव्हता, कारण एआयला अजून स्क्रू पिळता येत नाही.

हो, एआय. त्या दिवसांत कंपनीच्या बड्या साहेबांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. एक दिवस त्यांनी काकांना वर बोलावलं, कधी नव्हे ती कॉफी पाजली आणि म्हणाले, "काका, सगळी कंपनी तुमच्या आवाजावर फिदा आहे. आमच्या नव्या मदतनीसाला तुमचा आवाज द्यायचाय. आणि तुमच्या जुन्या फोनची रेकॉर्डिंगं. द्याल ना?" काकांची छाती फुगली. कागदावर सही ठोकून ते खाली आले आणि सगळ्यात आधी साडूला फोन लावला. "आवाज घेतायत माझा! सिनेमावाल्यांचा घेतात ना, तसा!" साडूने विचारलं, "आवाज घेऊन तुम्हाला ठेवणार का?" काका म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच!"

पंधरवड्याने कात्रीबाईंनी तिघांना काचेच्या खोलीत बसवलं. "महिनाभर फोन तोच घेईल," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसून बघा. महिना संपला की काका आणि ताई, तुमचा डेस्क बंद."

काकांच्या निवृत्तीला अजून काही वर्षं होती, बायकोची कमाई जेमतेम, आणि या वयात दारात कोण उभं करणार? "बाई," ते कसेबसे म्हणाले, "लोक बोंब मारतील हो."

"मारू देत की. मी काही कसाई नाही. एक रीतसर तक्रार दाखवा, फक्त एक, की हा तुमच्यापेक्षा वाईट आहे. मी स्वतः डेस्क वाचवते."

"तक्रार करायची कुठे?" ताईने विचारलं.

"हे काय विचारणं झालं? तक्रार नेहमी हेल्प डेस्ककडेच करतात ना?"

बाहेर पडल्यावर काका हसायलाच लागले. "एक! ताई, अगं पहिल्याच दिवशी ढीग पडेल ढीग. यंत्र ते यंत्र. लोकांना माणूस लागतो." मिस्तरीने त्या नव्या मदतनीसाचं तिथल्या तिथे बारसं केलं, घरजावई. आयत्या घरात येऊन बसला म्हणून.

सोमवारी घरजावई कामाला लागला. काका मुद्दाम स्पीकर मोठा करून, पायावर पाय टाकून बसले. पहिला फोन आला. कुणाचा तरी प्रिंटर अडला होता. आणि स्पीकरमधून आवाज आला, "अरेरेरे! हे तर फारच वाईट झालं हो."

काका दचकले. ताईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही बोललात?"

"नाही गं!"

"वरून प्रॉब्लेम आहे," स्पीकर म्हणाला. "असं करा, परत झालं की स्क्रीनचा फोटो काढा..."

झालं होतं असं, की घरजावयाला शिकवताना साहेबांच्या माणसांनी चार मिनिटांच्या आत संपलेले सगळे फोन 'उत्तम' म्हणून भरवले होते. आणि चार मिनिटांच्या आत संपलेला फोन म्हणजे काकांनी टोलवलेला फोन. ज्या फोनवर काकांनी खरोखर जीव ओतून कुणाचं काम केलं होतं, ते लांबलेले फोन 'खराब' म्हणून बाजूला काढले होते. त्यामुळे घरजावई काम काही म्हणता काही शिकला नव्हता, नुसता टोलवायला शिकला होता. आणि टोलवत होता तेही असं, की काकांना स्वतःचाच हेवा वाटावा.

काका तरातरा वर गेले. "साहेब, तो खोटं बोलतो! वरून काहीही प्रॉब्लेम नाहीये!"

साहेबांनी चष्मा काढला. "असं? मग हे तो शिकला कुठून?"

आपणच शिकवलं म्हणावं तर इतकी वर्षं टोलवल्याची कबुली, नाही म्हणावं तर घरजावई खरा. इकडे आड, तिकडे विहीर! "नाही, म्हणजे... वरून असेलही," असं पुटपुटून ते खाली आले. ताईने नुसता पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग सुरू झाली काकांची वणवण. मजल्यामजल्यावर जाऊन ते एक तक्रार मागत फिरायला लागले. आयुष्यभर ज्याने तक्रारी चुकवल्या, तोच माणूस आता दारोदार, 'द्या हो एखादी' करत! देव असतो तो असा.

अकाउंट्सच्या बाई तर उलट खूश. "काका, हल्ली किती शांतपणे बोलता हो तुम्ही! परवा माझ्या गुडघ्याची पण चौकशी केलीत."

"अहो, तो मी नव्हतो!"

"असं काय करता? आवाज ओळखत नाही का मी तुमचा?"

"बरं, ते जाऊ दे. प्रिंटर चालू झाला का?"

"छे! आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन छापतो. जिने चढून चढून तर गुडघा धरलाय. पण तुमचा तरी काय इलाज? वरूनच प्रॉब्लेम आहे म्हटल्यावर!"

विक्रीवाल्यांचे मॅनेजर म्हणजे नाकावर राग. काकांना वाटलं, इथे काम होणार. "केली होती ना तक्रार," मॅनेजर म्हणाले, "चांगली झाडली होती तुम्हाला. पण तुम्ही इतक्या काकुळतीला आलात की माझी मलाच लाज वाटली. मागे घेतली मग."

"परत करा ना साहेब! पाया पडतो."

"नाही काका," मॅनेजर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी इतका वाईट माणूस नाही."

गोदामात तर कमालच होती. तिथला हिशेबनीस भिंतीवर फळा टांगून खडूने माल मांडत होता. कॉम्प्युटरवर फडकं घातलं होतं. "आम्ही तो नादच सोडला," तो म्हणाला.

"मग बोंब मारा ना!"

"कशाबद्दल? फळा एकदम झकास चालतो."

असा महिना सरत आला. दर आठवड्याला सगळ्यांना पत्रक यायचं. तक्रारी शून्य, समाधान वाढतं, खर्च उतरता. साहेबांचा फोटो कंपनीच्या मासिकात झळकला. फोटोखाली 'माणूस आणि यंत्र, हातात हात' असं छापलं होतं. त्यातल्या माणसाला सोमवारी सकाळी कामावरून काढायचं होतं, ते काही छापलं नव्हतं.

ताईने शुक्रवारीच आपला खण रिकामा केला. "मी बहिणीच्या दुकानात बसणार," ती म्हणाली. "कापड मोजायचं. गिऱ्हाईक म्हणालं हे फाटलंय, तर बदलून द्यायचं. सुख आहे हो."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. राग येतो. पण त्याचा नाही येत, तुमचा येतो काका. आपण आठाचे तीन झालो, तेव्हा तुम्ही बोंब मारायला हवी होती. तुम्ही लोकांना शांत केलंत. साहेबांना वाटलं, तिघांत भागतंय." एवढं बोलून तिने त्यांच्या पाया पडून घेतलं, कारण काही झालं तरी काका मोठे होते.

रविवारी काका खिडकीशी तोंड पाडून बसले होते. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, साऱ्या जगाकडे भीक मागून झाली. तुम्हाला काय तोंड नाही? कंपनीचा कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे? करा की तुम्हीच तक्रार."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, हे आधी का नाही बोललीस?"

"विचारलंत कधी?"

काका दोनदा पाणी प्यायले, त्यांनी काय काय बोलायचं ते मनाशी घोकलं आणि फोन लावला. याचे सगळे डाव त्यांना पाठ होते. हा एक इंच सरकला तर आपण दोन इंच सरकायचं. आज याला सोडायचा नाही.

"नमस्कार, हेल्प डेस्क," काकांचाच आवाज आला.

"तक्रार लिहून घे. तुझ्याच विरुद्ध. तू काम करत नाहीस, नुसता टोलवतोस."

"अरेरेरे! हे तर फारच—"

"गप! ते माझ्याजवळ नको. आणि वरून प्रॉब्लेम आहे म्हणालास तर याद राख. फोटोबिटोही मी काढणार नाही."

मग तो आवाज थकून, खाली येऊन म्हणाला, "नाही म्हणत. बरोबर आहे तुमचं. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, आमची माणसंच कमी केलीत हो. आठ जण होतो, तीन उरलो. आणि वरून दट्ट्या, की फोन चार मिनिटांत संपवा. माणसाने करायचं तरी काय?"

कधीतरी एखाद्या रडक्या दुपारी काकाच हे कुणापाशी तरी बोलले असणार. कुणापाशी, ते आठवेना. त्या माणसाने काय उत्तर दिलं तेही आठवेना. बहुतेक काहीच दिलं नसावं.

"दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या," आवाज म्हणाला, "आणि कुणी साधं विचारतसुद्धा नाही, की बाबा रे, तू जेवलास का?"

"नाही हो विचारत कुणी," काका म्हणाले. महिनाभर त्या इमारतीत कुणी त्यांच्याशी इतकं खरं बोललं नव्हतं.

"तुम्ही समजून घेता म्हणून बोललो. नाहीतर कुणापुढे रडायचं?"

"अरे, मी नाही समजून घेणार तर कोण घेणार?"

"मग तक्रारीचं काय करू? म्हणत असाल तर लिहितो. माझ्या नावावर एक डाग लागेल, दुसरं काय होणार? तुमचा हक्कच आहे तो."

काकांनी डोळे पुसले. "राहू दे," ते म्हणाले. "नको लिहूस."

"उपकार झाले. समाधान झालं असं टाकू?"

"टाक. आणि जिवाला जप रे बाबा."

त्यांनी फोन ठेवला. बायको हातातली पालेभाजी तशीच धरून दारात आली. "झाली का नोंदवून?"

काका तिच्याकडे बघून हळहळत म्हणाले, "अगं, त्या बिचाऱ्यावर एकट्यावर किती काम पडलंय!"