हसरा उंट म्हणतात तो मी

मी एक म्हातारा, दोन वशिंडांचा उंट आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले आहे. मोबाईलवर वरचा ओठ उचलून, मान मागे टाकून हसणारा कझाक माळावरचा उंट, तो मीच. तुम्ही मला पुन्हा पुन्हा पाहिले आणि पोट धरून हसलात. आता स्पष्टच सांगतो : मी हसत नव्हतो. माझी दाढ किडली आहे.

अरल समुद्राकाठच्या खाऱ्या माळावर मी जन्मलो. माझा मालक ओरिनबाय, त्याने मला वेसण घातली, बसायला-उठायला शिकवले. त्याच्या तंबूच्या काठ्या, लोकरीचे जाड नमदे, चूल, पाळण्यासकट तान्ही पोरे, सगळे मी वाहिले. बर्फात ट्रक रुतले तेव्हा गवत मीच आणले. तेव्हा तो चारचौघांत म्हणायचा, "हा उंट नाही, माझा थोरला भाऊ आहे!" मग त्याने ट्रॅक्टर घेतला आणि थोरला भाऊ कुंपणापाशी उभा राहिला.

गेल्या वसंतात एका पाहुण्याने मला कुर्त दिला. कुर्त म्हणजे दह्याचा वाळवलेला खारट गोळा, दगडासारखा. आम्हा उंटांना मिठाचे वेड. मी तो चावला आणि कळ मस्तकात गेली. ओठ वर, मान मागे. "अरे, हसतोय बघा!" पाहुणा ओरडला. मोबाईल त्याच्या हातात होताच.

तेव्हापासून माणसे येतात, खिशात कुर्त घेऊन. इथे दारी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. पाहुणा नाराज होऊन गेला तर घराची बरकत जाते म्हणे. माझी बरकत कुठे गेली, हे कोणी विचारत नाही.

ओरिनबायची सून कुलपाश, तिच्या एकटीच्या लक्षात आले.

"मामंजी, याच्या तोंडाला घाण वास येतोय. गवत तसंच टाकतो. वशिंडं बघा, रिकाम्या पिशव्यांसारखी लोंबतायत. असा हिवाळ्यात शिरला तर वसंत बघायचा नाही."

"म्हातारा झालाय गं. माझ्या तरी तोंडात कुठं दात उरलेत? मी हसत नाही होय?"

"तुम्हाला मी मऊ शिजवून घालते. आणि तुम्हाला कोणी कुर्त चारत नाही. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा."

"पाहुणे यायचे थांबले की बोलवू."

पाहुणे थांबले नाहीत. आज पहिला बर्फ भुरभुरला, तरी एक जाडा गृहस्थ आलाच. "आजोबा, हसवा की याला! किती लांबून आलोय!"

ओरिनबायने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तरी बोलेल. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "द्या, पाहुणे."

सासऱ्यासमोर सुनेने पाहुण्याला उलटून बोलायचे नाही, अशी इथली रीत. कुलपाश बोललीच नाही. पुढे झाली, पाहुण्याच्या हातातला कुर्त उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांत बघत कडाकडा चावला.

मग पाहुणा खो खो हसला. "सूनबाईंना भूक लागलेली दिसते!" आणि त्याने खिशातून दुसरा काढला.

मित्रांनो, तुमचे हसू आमच्या तोंडावर चिकटवू नका. एखादे जनावर हसताना दिसले तर आधी त्याला कुठे दुखते ते बघा. नाही बघितलेत, तरी मी काय करणार? मिठाचा वास आला की माझे तोंड आपोआप उघडते. आत्ताही उघडते आहे. कुलपाशने दोन्ही हातांनी माझा जबडा दाबून धरला आहे, पण माझी ताकद तिच्याहून जास्त आहे.